पाणी कोणी काढलं

मापसाहेबांनी उजवी बाही कोपराच्या वर सारली, गुडघे जमिनीला टेकवले आणि संडासातलं टमरेल खड्ड्यात घातलं. खड्डा अरुंद होता. टमरेलाची कड मातीला घासली आणि एक ढेकूळ सुटून पाण्यात पडलं. ते थबकले. पाणी गढूळ होऊन चालणार नव्हतं. त्यांनी टमरेल तिरकं धरलं, हलक्या हातानं बुडवलं, भरून वर काढलं आणि मागच्या झुडपाच्या बुडाशी रिकामं केलं. पुन्हा एकदा. मग अर्धंच.

खड्ड्याच्या तोंडावर एक फळी आडवी टाकलेली होती आणि तिला बांधलेली मोजपट्टी पाण्यात उतरली होती. पट्टीवरचा आकडा वाचायला त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. पाणी बोटभर खाली गेलं होतं. एवढं बास. याहून जास्त काढलं असतं तर संशय आला असता. लबाडी करणारी माणसं पकडली जातात ती हावेपायी, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? सगळी नोकरी त्यांनी दुकानादुकानांतले तराजू आणि वजनं तपासण्यात घालवली होती. निवृत्त होऊन वर्षं लोटली तरी गाव त्यांना मापसाहेबच म्हणत होतं.

शेजारच्या दुसऱ्या खड्ड्यातलंही पाणी त्यांनी तसंच उतरवलं. उठताना गुडघे कुरकुरले. जमिनीवर हात टेकून ते कसेबसे उभे राहिले, वळले, तर मागच्या दारात सून उभी होती. तिच्या हातात धुतलेल्या कपड्यांची बादली होती.

ती किती वेळ उभी होती कोण जाणे. तिनं टमरेलाकडे पाहिलं, त्यांच्या ओल्या हाताकडे पाहिलं. मग बादली उंबऱ्यावर ठेवून ती पुढे आली आणि जेवण झाल्यावर त्यांच्यापुढचं ताट उचलावं तितक्या सहज तिनं टमरेल त्यांच्या हातातून काढून घेतलं.

"गुडघे झटका, बाबा," ती हळूच म्हणाली. "माती लागलीय."

हा सगळा खटाटोप एका संडासासाठी चालला होता.

मापसाहेबांच्या बायकोला झटका आला तेव्हापासून तिचं उजवं अंग लुळं पडलं होतं. जीभही जड झाली होती. एकेक शब्द ओढून काढल्यासारखा येई. घराचा संडास परसाच्या पार टोकाला, पायऱ्या उतरून. तिथवर तिला नेणं शक्यच नव्हतं. म्हणून पलंगाशेजारी भांडं लावलेली एक खुर्ची आली. रोज सकाळी सून ते भांडं झाकून उचले आणि बाहेरच्या खोलीतून मागच्या दारानं परसात नेई. दुसरी वाटच नव्हती. बाहेरच्या खोलीत मापसाहेब वर्तमानपत्र वाचत बसलेले असत. सुनेची पावलं ऐकू आली की ते वर्तमानपत्र जरा उंच धरत. सूनही त्यांच्याकडे न बघता भिंतीच्या कडेनं जाई. हे असं दोघांनीही न ठरवता ठरून गेलं होतं.

मुलगा दूर नोकरीला होता. सणासुदीला यायचा, एरवी फोन. सासूचं सगळं सून करायची, आणि करताना तोंड वाकडं केल्याचं मापसाहेबांनी कधी पाहिलं नव्हतं. अर्थात वर्तमानपत्राआडून फार काही दिसतही नव्हतं.

एकदा बायको म्हणाली होती, "तिचे हात... बघवत नाहीत... मला."

ते तिच्या उशाशी बसले होते. मग म्हणाले, "तुझ्या खोलीला लागूनच संडास बांधतो. कमोड, कठडा, सगळं. दार उघडलं की पोचलीस."

"खरं?"

"मी कधी खोटं बोललोय तुझ्याशी?"

ती अर्ध्या ओठानं हसली होती. दुसऱ्याच दिवशी ते परवानगीच्या मागे लागले. सेप्टिक टँक कुठंही बसेल, पण टाकीतून निघणारं पाणी जमिनीत मुरलं पाहिजे, आणि यांच्या परसाखाली उतारावर शेजारणीची विहीर. तेव्हा आधी माती तपासायची, मग बांधायचं, असं ठरलं. त्यासाठी तपासनीस आला होता. आला तो बोलतच. परसात त्यानं खड्डे घेतले, त्यांच्या कडा खिळ्यांच्या फळीनं खरवडल्या, तळाशी बारीक खडी टाकली आणि तोंडापर्यंत पाणी भरून निघून गेला. रात्रभर माती भिजू द्यायची म्हणाला. आज सकाळी पुन्हा आला, पाणी ठरल्या खुणेपर्यंत आणलं आणि स्टुलावर बसला.

"आता बघायचं, माती किती पिते ते," तो म्हणाला. "आमचे सासरे असेच आहेत. नुसतं समोर ठेवून कळत नाही. जरा वेळ बसावं लागतं."

मापसाहेब हसले नाहीत. त्यांचं लक्ष पट्टीकडे होतं. बराच वेळ गेला तरी पाणी हललं नाही. तपासनीसानं वाकून पाहिलं, दोन बोटांत माती घेऊन चोळली. तिची गुळगुळीत वळी झाली.

"चिकणमाती," तो म्हणाला. आता त्याच्या बोलण्यात थट्टा नव्हती. "साहेब, ही माती पाणी धरून बसते. इथं सोडलेलं घाण पाणी आज ना उद्या वर येणार. आणि वर आलं की खाली जाणार." त्यानं विहिरीकडे हात केला. "बघू, आणखी एक वेळ घेतो. तोवर विहिरीचं अंतर मोजून येतो."

तो टेप घेऊन झुडपांमागून उतारानं खाली गेला. मापसाहेब एकटेच खड्ड्यांपाशी राहिले. आतल्या खोलीतून बायकोच्या खोकण्याचा आवाज आला. परसाच्या कोपऱ्यात, जुन्या संडासाच्या दाराशी टमरेल होतं. विहीर फार लांब आहे, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. टाकी चांगली मोठी बांधू, म्हणजे पाणी जवळपास स्वच्छच येईल, असंही सांगितलं. आणि बाही वर सारली.

तपासनीस परत आला तेव्हा त्याच्याबरोबर शेजारीणही होती. टेपचं दुसरं टोक धरायला ती लागली असावी. ती मापसाहेबांच्या बायकोच्या वयाची, घरची कर्ती बाई. दुपारची येऊन बायकोपाशी तासभर बसायची, गावातल्या बातम्या सांगायची. आज तिनं आल्या आल्या काही बातमी सांगितली नाही. पदर खोचून ती खड्ड्यापाशी उभी राहिली.

तपासनीस वाकला. पट्टी पाहिली. दुसऱ्या खड्ड्याची पाहिली. मग त्यानं खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं आणि रुमालाची नीट घडी घालत बसला.

"पाणी कोणी काढलं का इथलं?" त्यानं विचारलं. आवाज अगदी साधा होता. "नाही, चुकून होतं कधी कधी. सांगितलं तर काही बिघडत नाही. मी परत भरतो आणि पहिल्यापासून घेतो."

मापसाहेबांना आपल्या ओल्या बाहीचा गारवा जाणवला. त्यांनी हात पाठीमागे घेतला. म्हणायचं होतं ते एवढंसंच होतं: मी काढलं. दोन शब्द. ते घशापर्यंत आले, आणि तिथं त्यांना कितीतरी दुकानदारांचे चेहरे आठवले. तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेलं लोखंड त्यांनी काढून टेबलावर ठेवलं की होणारे ते चेहरे.

"मी काढलं," सून म्हणाली.

टमरेल अजून तिच्याच हातात होतं.

"झाडांना घातलं. मला वाटलं, काय, पाणीच तर आहे."

तपासनीसानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग झुडपाच्या बुडाशी ओल्या झालेल्या मातीकडे. "बरं," तो म्हणाला.

शेजारीण मात्र भडकली. "पाणीच तर आहे? आमच्या घरची पोरं पितात त्या विहिरीचं! तुम्हाला घाई झाली म्हणून आम्ही घाण प्यायची का? हे असलं चोरून करायला लाज कशी नाही वाटली?"

बोलताना ती सुनेकडे कमी आणि मापसाहेबांकडे जास्त पाहत होती. घरातलं कर्तं माणूस म्हणून आपण काहीतरी बोलावं अशी तिची अपेक्षा असणार, असं त्यांना वाटलं. ते म्हणाले, "वहिनी, जाऊ द्या आता. लहान आहे ती."

हे शब्द तोंडातून गेले आणि त्यांना ते परत घ्यावेसे वाटले. पण घेतले नाहीत.

शेजारीण त्यांच्याकडे जरा वेळ बघत राहिली. मग उतारानं निघून गेली. सुनेनं बादली उचलली आणि ती कपडे वाळत घालू लागली. एकेक कपडा झटकून, कडा ओढून, चिमटे लावून. तिची पाठ त्यांच्याकडे होती.

तपासनीसानं खड्डे पुन्हा भरले. उरलेला दिवस पाणी जागचं हललं नाही.

दुपारी बायकोला भरवायला सून आत गेली तेव्हा मापसाहेब बाहेरच्या खोलीत बसले होते. दार उघडंच होतं. शेजारणीचा चढलेला आवाज आतपर्यंत पोचला असणार.

"का गं... केलंस?" बायकोचा आवाज आला.

"काय आई?"

"पाणी. ऐकलं... मी." मग बराच वेळ नुसता श्वास. शब्द जुळवायला तिला किती कष्ट पडतात ते त्यांना न बघताही कळत होतं. "या माणसानं... जन्मात कधी... काटा मारू दिला नाही... कुणाला. त्याच्या घरात... असं?"

"चुकलं, आई."

"माझ्यासाठी केलंस... कळतं मला. पण त्यांना... मान खाली... घालायला लावलीस."

"हो आई. आ करा. गार होतंय."

चमच्याचा ताटलीवर आवाज झाला. मापसाहेबांच्या हातात वर्तमानपत्र होतं. ते त्यांनी उलटं धरलंय हे त्यांना नंतर दिसलं. उठावं, आत जावं, उंबऱ्यात उभं राहून सांगावं. ते उठलेही. पण उठून मागच्या दारानं परसात गेले आणि भरलेल्या खड्ड्यांपाशी उगाचच उभे राहिले.

संध्याकाळी जाताना तपासनीस म्हणाला, "मागची जागा गेली, साहेब. पण पुढं फाटकापाशी जमीन चढ आहे, आणि रंगावरून मला मुरूम वाटतो. पाईप घराला वळसा घालून न्यावा लागेल, एवढंच. बघू या का तिथं?"

"बघा," मापसाहेब म्हणाले.

"नाहीतर तुमचंही काम अडलं असतं आणि त्यांचीही विहीर गेली असती." तो बॅग खांद्याला लावून क्षणभर रेंगाळला. अजून काही ऐकायची वाट बघत असल्यासारखा. मग म्हणाला, "येतो."

फाटकापाशी मुरूमच निघाला. तिथल्या खड्ड्यात पाणी ओतलं की खुणेवरून असं सरसर उतरायचं की तपासनीसाची थट्टा परत आली. "हे माझे मेहुणे," तो म्हणाला. "बसवायची खोटी, की पेला रिकामा!" परवानगी मिळाली. गवंडी आले, टाकीचा मोठा खड्डा निघाला, पाईप घराला वळसा घालून गेला, बायकोच्या खोलीच्या भिंतीला दार पाडलं गेलं. सगळं व्हायला हवं होतं तसं होत होतं.

फक्त ती गोष्ट घरातून गेली नाही. उलट हळूहळू विनोद होऊन बसली. गवंड्यांना कोणीतरी सांगितलं असावं. सून चहा घेऊन बाहेर गेली की त्यांच्यातला म्हातारा म्हणायचा, "वहिनी, ड्रममधलं पाणी मोजून ठेवलंय बरं का आम्ही." सगळे हसायचे. सूनही हसायची. "भरलंय ना? मग काढते थोडं," असं म्हणून उलट त्यांचीच फिरकी घ्यायची. मापसाहेब खिडकीपाशी असत. हसण्याचा आवाज आला की ते खिडकी लोटून घेत, जणू धूळ येतेय.

मुलाचा फोन आला तेव्हा तर ते समोरच होते. आईनं त्याला आपल्या तुटक भाषेत सांगितलं असणार. फोनवर सून म्हणत होती, "हो रे बाबा, उपसला मी खड्डा. घाई झाली होती मला." ती हसत होती. पलीकडून मुलगाही हसत असावा. "नाही, बाबा रागावले नाहीत. काहीच बोलले नाहीत ते."

ती हे सांगताना त्यांच्याकडे वळली नाही. पण फोन ठेवल्यावर लगेच आतही गेली नाही. टेबलावरचं कापड सारखं करत राहिली. त्या वेळी बोलता आलं असतं. खोलीत दोघंच होती. मापसाहेबांनी घसा खाकरला.

"आज जेवण छान झालं होतं," ते म्हणाले.

सुनेनं चमकून पाहिलं. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी तिच्या स्वयंपाकाला कधी नाव ठेवलं नव्हतं आणि कधी चांगलंही म्हटलं नव्हतं.

"बरं," ती म्हणाली, आणि आत गेली.

त्यांना वाटलं होतं, दिवस गेले की हे पुसट होईल. पण त्यांचं उलटंच होत चाललं. बाजारात भाजीवाल्यानं तराजू उचलला की त्यांची मान आपोआप दुसरीकडे वळू लागली. कोणी हसून "मापसाहेब, बघून घ्या बरं" म्हटलं तर ते "असू दे, असू दे" म्हणत पिशवी पुढे करत. घरात सुनेची चाहूल लागली की हातात काही नसलं तरी त्यांचे हात वर्तमानपत्र शोधत.

नवा संडास तयार झाला तो दिवस मात्र चांगला गेला. सुनेनं सासूला काखेत धरून उठवलं. पलंगापासून दारापर्यंत थोडीशीच तर जागा, पण बायकोनं ती एकेक पाऊल ओढत, कठडा पकडत, स्वतः पार केली. दार लागलं. सून बाहेर थांबली. आतून पाण्याचा आवाज आला आणि पाठोपाठ बायकोचं हसणं. झटक्यानंतर इतक्या मोठ्यानं ती पहिल्यांदाच हसली होती. सून तोंडावर पदर धरून हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मापसाहेब दाराशी उभे होते. त्यांनाही हसू येत होतं.

पलंगावर परतल्यावर बायकोनं त्यांना जवळ बोलावलं. डाव्या हातानं त्यांचा हात धरला.

"दिलेला शब्द... पाळलात," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, सून स्वयंपाकघरात गेलीय याची खात्री करून: "पोरीवर... राग नका धरू. त्या पाण्याचा. मनानं... चांगली आहे ती."

मापसाहेबांनी हात सोडवून घेतला. "येतो जरा," ते म्हणाले.

ते परसातून झुडपांना वळसा घालून उतारानं खाली गेले. निवृत्त झाल्यापासून ते या बाजूला क्वचितच उतरले होते. शेजारीण विहिरीपाशी भांडी घासत होती. त्यांना पाहून तिनं हात धुतले आणि उभी राहिली.

"या भाऊजी. चालली ना आज पायावर? इथवर हसू आलं तिचं."

"चालली." ते थांबले. इकडे येईपर्यंत वाक्य तयार होतं. आता ते भलतंच लांबलचक वाटायला लागलं. "वहिनी, त्या दिवशी खड्ड्यातलं पाणी सुनेनं नव्हतं काढलं. मी काढलं होतं."

शेजारणीनं ओला हात पदराला पुसला. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, रागही नव्हता.

"इकडे या," ती म्हणाली. "असे. इथं उभे राहा. आता वर बघा."

त्यांनी वर पाहिलं. झुडपं वरून दाट दिसायची. खालून पाहिलं तर त्यांच्या बुडख्यांमधून सगळं परस उघडं होतं, चढावर, आभाळासमोर, एखाद्या फळीवर मांडून ठेवल्यासारखं. मागचं दार दिसत होतं. दोरीवरचे कपडे दिसत होते. कपड्यांना लावलेले चिमटेसुद्धा वेगवेगळे दिसत होते. खड्डे बुजवले होते ती माती अजून रंगानं वेगळी होती.

"मी टेपचं टोक धरून इथंच उभी होते," शेजारीण म्हणाली. "आणि तो तपासणारा तिथं, त्या दगडापाशी."

मापसाहेब वरच पाहत राहिले.

"मी ओरडणार होते तुम्हाला. तोच म्हणाला, काकू, गप्प राहा. मोठं माणूस आहे. आपण वर जाऊ, मी नुसतं विचारतो. ते स्वतःच सांगतील."

दोरीवरची एक चादर वाऱ्यानं फुगली आणि परत बसली.

"त्यानं विचारलं," ती म्हणाली. "आणि ती पोर बोलली. मला इतका राग आला! तिला मुद्दाम लागेल असं बोलले. म्हटलं, आता तरी यांच्या तोंडून निघेल. तर तुम्ही म्हणालात, लहान आहे ती."

"हो," मापसाहेब म्हणाले.

"तिला मी दुसऱ्याच दिवशी सांगितलं, अगं, आम्ही पाहिलंय. तर माझे हात धरले तिनं. म्हणाली, काकू, आईंना कळू देऊ नका. त्यांना बाकी काही राहिलं नाहीये, बाबांचा एवढा एक अभिमान आहे." शेजारणीनं खाली वाकून एक भांडं उपडं केलं. "मी शब्द दिला. पण भाऊजी, तुमची बायको रोज माझा हात धरून म्हणते, माझ्या पोरीला माफ कर. रोज. मी काय उत्तर देऊ तिला?"

माफी मागायला इथं काही शिल्लकच नव्हतं. इतके दिवस आपण एक गोष्ट सगळ्यांपासून लपवतोय असं ते समजत होते. आणि पाहणाऱ्यांनीच मिळून ती त्यांच्यासाठी झाकून धरली होती.

"येतो," ते म्हणाले.

चढ चढताना त्यांना दम लागला. मधे ते थांबले नाहीत. आपण खालून दिसतोय हे आता त्यांना माहीत होतं.

खोलीत सून पलंगाच्या कडेला बसून सासूचे केस विंचरत होती. खिडकीतून अजून उजेड येत होता. ते दारातून आत आले तशी ती उठू लागली.

"बस," ते म्हणाले. "तुझ्यासमोरच सांगायचंय."

तिनं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिला कळलं. "बाबा, कशाला आता? झालं ते झालं."

"त्या दिवशी खड्ड्यातलं पाणी हिनं नाही काढलं," ते बायकोला म्हणाले. "मी काढलं. माती पीत नव्हती. आपलं काम अडेल म्हणून काढलं. त्यानं विचारलं तेव्हा हिनं अंगावर घेतलं आणि मी घेऊ दिलं."

बायको त्यांच्याकडे बघत राहिली. ती रागावेल असं त्यांना वाटलं होतं, रडेल असंही. तिनं तसं काहीच केलं नाही. बराच वेळ पाहिल्यावर तिची नजर त्यांच्यावरून निघाली आणि हळूहळू सुनेकडे वळली.

"मी... बोलले तुला."

"असू दे, आई."

"सांगायचंस ना... गं."

"कसं सांगणार?" सून फणीतले केस काढत म्हणाली. "तुम्ही यांच्याबद्दल इतकं चांगलं बोलत होतात तेव्हा. मध्येच कसं तोडायचं?"

बायकोनं डावा हात पुढे केला. सुनेला आधी कळलं नाही. मग तिनं फणी त्या हातात दिली. बायकोनं हनुवटीनं खूण केली तशी सून जमिनीवर, पलंगाला पाठ लावून बसली आणि तिनं आपला अंबाडा सोडला. डाव्या हाताला सवय नव्हती. फणी दर वेळी अडकत होती, केस ओढले जात होते. सून मान जराशी मागे करून देत होती, म्हणजे हात पोचावा.

मापसाहेब उभेच होते. त्यांच्या बाजूलाच खुर्ची होती. पण बसा असं कोणी म्हणालं नाही, आणि आपणहून बसायचा धीर त्यांना झाला नाही.